ग्रामकारभारातील लेखणी आणि तिजोरी : कुलकर्णी ते ग्रामपंचायत अधिकारी

सारांश

गावाचा कारभार निर्णयावर जितका चालतो तितकाच नोंदीवर चालतो. जमीन कोणाची, सारा किती, कर कोणी भरला, जमलेला पैसा कोठे गेला या प्रश्नांची उत्तरे ज्या दप्तरात असतात, ते दप्तर सांभाळणारी व्यक्ती ग्रामसत्तेचा महत्त्वाचा भाग ठरते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील ग्रामलेखक आणि ग्रामकोषाचा सांभाळ करणारा अधिकारी या दोन भूमिकांचा विकास मांडला आहे. वतनी काळातील कुलकर्णी व पोतदार, रयतवारी पद्धतीतील ग्रामलेखापाल, स्वातंत्र्योत्तर काळातील तलाठी आणि ग्रामपंचायतीचा सचिव असा हा क्रम आहे. गोव्यातील गावकरी संस्थेचा तुलनात्मक विचारही केला आहे. लेखन, वसुली आणि खर्चाचा अधिकार एकाच हाती असावा की विभागलेला असावा, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : कुलकर्णी, पोतदार, वतन, तलाठी, ग्रामसेवक, ग्रामनिधी, लेखासंहिता, ग्रामसभा.

१. प्रस्तावना

पंचायत राज्यव्यवस्थेच्या अभ्यासात सरपंच, निवडणूक, आरक्षण आणि राजकीय नेतृत्व या विषयांना स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळतो. गावच्या कारभाराची प्रत्यक्ष घडी ज्या कागदांवर बसलेली असते त्या कागदांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. वस्तुतः ठराव, मागणी, पावती, रोकडवही आणि फेरफार ही लोकशाहीची दुय्यम साधने नाहीत. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारणाऱ्या नागरिकाला उत्तर मिळते ते याच कागदांतून. कागद अपुरे असतील किंवा त्यांचे वाचन एकाच व्यक्तीला येत असेल, तर निर्णयाचा औपचारिक अधिकार लोकप्रतिनिधीकडे असूनही वास्तविक सत्ता लेखणी धरणाऱ्याकडे जाते.

ग्रामकारभारात लेखकाची आणि कोषपालाची अशी दोन कामे मूलतः भिन्न आहेत. लेखक व्यवहाराची नोंद करतो, कोषपाल द्रव्य सांभाळतो. एकाने दुसऱ्याच्या कामाची साक्ष द्यावी, ही या विभागणीमागील भूमिका होय. लेखक आणि कोषपाल एकच झाला की नोंद ही साक्ष न राहता स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र बनते. महाराष्ट्रातील ग्रामप्रशासनाच्या इतिहासात ही विभागणी कशी होती, ती कशी मोडली आणि पुन्हा कोणत्या रूपाने घालण्याचा प्रयत्न झाला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

२. वतनी गावातील कुलकर्णी

मराठेशाहीतील गावाच्या शिरोभागी पाटील असे. वसुली, लागवडीस उत्तेजन, तंटे-बखेड्यांचा निवाडा आणि सरकारदरबारी गावाचे प्रतिनिधित्व ही त्याची कामे होती. त्याच्या मदतीस चौगुला असे. गावचे लेखन व हिशेब कुलकर्ण्याकडे असत. परगण्याच्या पातळीवर याच जोडीचे मोठे रूप देशमुख आणि देशपांडे यांच्या ठायी आढळते. देशपांड्यास काही ठिकाणी देशकुलकर्णी म्हणत, यावरूनही दोन्ही पदांमधील साधर्म्य स्पष्ट होते.

कुलकर्ण्याचे पद वंशपरंपरागत वतन होते. त्याबद्दल त्याला इनाम जमीन, रोख हक्क आणि पिकातील धान्यरूप वाटा मिळत असे. वतन हे केवळ नोकरीचे साधन नव्हते, तर ते प्रतिष्ठेचे व मालकी हक्काचे स्थान होते. ते विभागले जाई आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटेही चालत. सरकार बदलले, मामलेदार बदलला, तरी कुलकर्णी गावातच राही. या स्थैर्यामुळे गावाची स्मृती त्याच्या दप्तरात साठत गेली. कोणत्या शेताची सीमा कोठे, कोण मिरासदार, कोण उपरी, कोणत्या साली दुष्काळामुळे किती सूट मिळाली, या सर्व गोष्टी मोडी लिपीतील कागदांच्या रुमालांत बांधलेल्या असत.

या दप्तराचे स्वरूप बरेच तपशीलवार होते. थळझाड्यात गावातील जमिनीची विभागणी, कुळझाड्यात कुळवार देणे, लावणीपत्रकात लागवडीचा तपशील आणि वसूलबाकीच्या कागदात जमा व थकबाकी नोंदलेली असे. दैनंदिन जमाखर्चाची कीर्द आणि तिच्यावरून खातेवार काढलेली खतावणी ही हिशेबाची रीत सरकारी दप्तराप्रमाणेच व्यापारी पेढ्यांतही रूढ होती. महजर, मिरासपत्र, खरेदीखत यांसारख्या दस्तऐवजांवर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढला जाई. मजकूर मात्र लेखकाच्या हातचा असे. निशाणी करणारा आणि मजकूर लिहिणारा या दोघांमधील हे अंतर पुढील अनेक प्रश्नांचे बीज आहे.

गावाचा स्वतःचा खर्चही होता. देवस्थानाचे उत्सव, धर्मादाय, येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारी मंडळींचा पाहुणचार, गावच्या वास्तूंची डागडुजी यांसाठी गावखर्चाची पट्टी बसविली जाई. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात या ग्रामव्यवस्थेचे आणि तिच्या खर्चाचे वर्णन केले आहे. गावखर्च हा सरकारी साऱ्याहून वेगळा असल्याने त्याची वाटणी गावातच ठरे आणि नोंद कुलकर्णी ठेवी. आजच्या ग्रामनिधीशी तुलना करावयाची झाल्यास ती सरकारी साऱ्याशी न करता या गावखर्चाशी करणे अधिक योग्य ठरेल.

३. पोतदार : नाण्याची पारख

‘पोते’ या शब्दाचा एक अर्थ खजिना असा आहे. सरकारी खजिन्याशी संबंधित पोतनीस आणि पोतदार ही पदनामे त्यावरूनच आली. गावपातळीवर पोतदार म्हणजे वसुलात येणाऱ्या नाण्यांची पारख करणारा. हे काम बहुधा सोनाराकडे असे.

या कामाचे महत्त्व आजच्या वाचकाला सहजी उमगत नाही. अठराव्या शतकात एकाच प्रदेशात अनेक टाकसाळींची नाणी चालत. अंकुशी, चांदवडी अशा निरनिराळ्या रुपयांच्या चांदीचा कस व वजन सारखे नसे आणि एका नाण्याच्या बदल्यात दुसरे घेताना बट्टा द्यावा लागे. रयतेने भरलेला रुपया खरा की खोटा, पूर्ण की झिजलेला, यावर सरकारात जमा होणारी रक्कम अवलंबून असे. म्हणून पाटलाने वसूल करावा, पोतदाराने नाणे पारखावे आणि कुलकर्ण्याने लिहावे, अशी त्रिविध विभागणी घडली. आधुनिक लेखाशास्त्रात ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात त्याचेच हे साधे, व्यवहारातून आलेले रूप होय.

तथापि या व्यवस्थेचे आदर्शीकरण करणे योग्य होणार नाही. पाटील, कुलकर्णी आणि पोतदार परस्परांवर लक्ष ठेवीत हे जितके खरे, तितकेच ते संगनमत करू शकत हेही खरे. रयतेतील बहुसंख्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने तिघांपैकी कोणाचीही नोंद तपासण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्याने देण्याची रीत वाढली, तेव्हा वरून येणारा दबाव गावापर्यंत पोहोचला आणि नियंत्रणाची ही चौकट अधिकच दुबळी झाली.

४. रयतवारी पद्धती आणि नोंदीचे स्थित्यंतर

१८१८ नंतर इंग्रजी अंमलात सरकार व रयत यांचा थेट संबंध जोडण्याचे धोरण दख्खनमध्ये स्वीकारले गेले. प्रिंगल याची पहिली पाहणी अयशस्वी ठरल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यातून नव्या पद्धतीची मोजणी व आकारणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला क्षेत्र व आकार आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होती.

ग्रामलेखकाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ खोल होता. तोपर्यंत शेताची ओळख कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि गावकऱ्यांच्या स्मरणात होती. आता ती नकाशावर आणि तालुका कचेरीतील नोंदवहीत गेली. कुलकर्ण्याची माहितीवरील मक्तेदारी त्यामुळे कमी झाली, परंतु कामाचा भार वाढला. विहित नमुन्यातील कागद, ठरलेल्या मुदतीतील तक्ते आणि वरिष्ठांची तपासणी यांमुळे गावचा लेखक हळूहळू सरकारचा लेखक बनला.

१८७४ च्या वंशपरंपरागत पदांविषयीच्या कायद्याने वतनी सेवेचे नियमन केले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने ग्रामलेखापालाची कर्तव्ये निश्चित केली आणि सारा घेतल्यावर लेखी पावती देणे बंधनकारक केले. पावतीचे हे बंधन वरवर किरकोळ वाटते. पण त्यामुळे प्रथमच व्यवहाराचा एक पुरावा लेखकाच्या दप्तराबाहेर, रयतेच्या घरात राहू लागला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धती आणली आणि गावच्या दप्तराला साऱ्याच्या हिशेबापलीकडचे, जमिनीवरील हक्काच्या पुराव्याचे स्वरूप मिळाले. गावनमुन्यांची जी क्रमवार मांडणी पुढे स्थिर झाली, तिच्याशी एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली लेख्यांच्या नियमपुस्तिकेचे नाव आजही जोडलेले आहे.

५. लेखणीच्या सत्तेवरील टीका

कुलकर्णी वतनावरील टीका ही केवळ प्रशासकीय नव्हती, तर ती सामाजिक होती. वतन बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांकडे, क्वचित प्रभूंसारख्या इतर लेखनव्यवसायी जातींकडे होते. रयत मात्र प्रामुख्याने शेतकरी जातींची आणि निरक्षर होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेणाऱ्या कामगारवर्गावर, त्यात कुलकर्ण्यावरही, कठोर प्रहार केले. सत्यशोधक चळवळीतील मुकुंदराव पाटील यांच्या ‘कुलकर्णी लीलामृत’ या काव्याचा विषयच मुळी हा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वतनदारांच्या वर्तनाचे आणि गावच्या कारभारातील शैथिल्याचे बारकाईने केलेले निरीक्षण आढळते.

या टीकेचा मथितार्थ असा की अक्षरज्ञान, जात आणि पद या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या की नोंद हे शोषणाचे साधन होऊ शकते. कर्जरोखा, खरेदीखत किंवा थकबाकी यांत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याला लेखकाच्या प्रामाणिकपणावर विसंबण्यावाचून गत्यंतर नसते. सर्वच कुलकर्णी अप्रामाणिक होते असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीपेक्षा तिची परीक्षा घेण्याच्या साधनाचा होता आणि ते साधन रयतेकडे नव्हते.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय घेतला आणि ब्राह्मणेतर तरुणांना हे क्षेत्र खुले केले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे त्यांचे धोरणही याच काळातले आहे. दोन्ही निर्णय एकत्र पाहिले म्हणजे त्यांमागील सूत्र स्पष्ट होते. लेखकाचे पद वंशातून मुक्त करणे आणि रयतेला वाचता येईल अशी व्यवस्था करणे या एकाच सुधारणेच्या दोन बाजू होत्या. ब्रिटिश मुलखातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक ठिकाणी वतनी कुलकर्ण्यांच्या जागी पगारी तलाठी येत गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याबाबतचा १९५० चा कायदा १ मे १९५१ पासून अमलात आला आणि वतनी लेखकाचे युग कायद्याने संपले.

६. तलाठी : लेखक आणि वसुली अधिकारी

तलाठ्याने कुलकर्ण्याचे दप्तर घेतले, पण त्याचे स्थान घेतले नाही. तो पगारी, बदलीपात्र आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्याला उत्तरदायी असतो. एका किंवा अनेक गावांचा मिळून त्याचा सजा होतो. विदर्भात व मराठवाड्यात ‘पटवारी’ ही संज्ञा प्रचलित होती. १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने या भिन्न प्रदेशांतील पद्धती एका कायद्याखाली आणल्या.

दरम्यान आणखी एक महत्त्वाचा बदल घडला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद १ जानेवारी १९६३ पासून रद्द झाले. पाटलाने वसूल करावा व लेखकाने लिहावे, ही जुनी विभागणी त्याबरोबर संपुष्टात आली आणि वसुली व नोंद ही दोन्ही कामे तलाठ्याकडे एकवटली. गावातील परस्पर-साक्षीची जागा वरिष्ठांच्या तपासणीने घेतली. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी मुदत ठेवतो आणि नोंद प्रमाणित करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्याकडे असतो. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. एका साध्या नोंदीला कायदा एवढे वजन देतो, म्हणूनच ती नोंद घेणारा आणि प्रमाणित करणारा वेगळा ठेवणे आवश्यक ठरते.

सात-बारा उतारा हा या दप्तराचा सर्वपरिचित भाग होय. गावनमुना सात हा अधिकार अभिलेख, तर गावनमुना बारा हा पिकांची नोंद. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा संगणकावरून उपलब्ध झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकऱ्याला पिकाची नोंद स्वतः करण्याची सोय झाली. शेतकरी गावच्या नोंदवहीत स्वतः लिहितो, ही घटना ग्रामलेखनाच्या दीर्घ इतिहासात निश्चितच लक्षणीय आहे. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले.

७. गोव्यातील गावकरी : एक तुलना

गोव्यातील गावकरी संस्थेत, म्हणजेच पोर्तुगीज अमदानीत ‘कोमुनिदाद’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, गावची जमीन सामूहिक मालकीची असे. ती लिलावाने कसण्यास देऊन येणाऱ्या उत्पन्नातून सरकारी देणे, बांधबंदिस्ती, मंदिराचा व गावचा खर्च भागविला जाई आणि शिल्लक भागधारकांत वाटली जाई. १५२६ च्या फोराल या सनदेत या संस्थेच्या रूढी लेखनिविष्ट झाल्या. तीत गावच्या लेखकाच्या पदाचीही दखल आहे. १९६१ च्या कोमुनिदाद संहितेनुसार व्यवस्थापन समितीत अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार ही पदे स्वतंत्र आहेत, तर दप्तराचे काम एस्क्रिव्हांव, म्हणजे लेखनिक, पाहतो.

येथे लेखक आणि खजिनदार हे कायद्यानेच वेगळे आहेत. गावाकडे स्वतःचे भरीव उत्पन्न होते आणि त्यात प्रत्येक गावकऱ्याचा हिस्सा होता, त्यामुळे हिशेबाविषयीची दक्षता स्वार्थातूनही निर्माण झाली. दख्खनमधील गावात वसुलाचा मोठा भाग सरकारकडे जाई. हिशेबाचा खरा वाचकही सरकारच असे. हिशेब कोणासाठी लिहिला जातो यावरच तो कोण तपासतो हे ठरते, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येतो.

८. ग्रामपंचायतीचा सचिव आणि ग्रामनिधी

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८, जो आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याने गावाला स्वतःचा कोष दिला. कलम ५७ अन्वये प्रत्येक पंचायतीचा ग्रामनिधी असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, शासकीय अनुदाने इत्यादी रकमा त्यात जमा होतात. कलम ६० अन्वये पंचायतीस सचिव असतो आणि कलम ६२ मध्ये अर्थसंकल्प व लेख्यांची तरतूद आहे. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी असून तोच पंचायतीचा सचिव असतो. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे पदनाम देण्यात आले.

ग्रामपंचायतीच्या सचिवाच्या भूमिकेतील द्वैत येथे लक्षात घेतले पाहिजे. तो पंचायतीच्या ठरावांची अंमलबजावणी करतो, पण त्याची नेमणूक, बदली व शिस्तविषयक कारवाई जिल्हा परिषदेकडे असते. तो सरपंचाचा सहायक असतो आणि त्याच वेळी नियमबाह्य खर्चास हरकत घेणे हे त्याचे कर्तव्यही असते. याशिवाय जन्म-मृत्यू व विवाह नोंदणी, रोजगार हमी योजना, घरकुल योजना आणि असंख्य अहवाल यांचा भार त्याच्यावर असतो. अनेकदा एकाहून अधिक पंचायतींचा कार्यभार असल्याने हिशेबाचे काम मागे पडते. मोठ्या पंचायतींत लिपिक व वसुली कर्मचारी असतात. लहान पंचायतींत मात्र लेखक, लेखापाल आणि रोखपाल या तिन्ही भूमिका व्यवहारतः एकाच व्यक्तीला पार पाडाव्या लागतात.

या एकवटलेपणावर कायद्याने घातलेली मर्यादा म्हणजे संयुक्त स्वाक्षरी. ग्रामनिधीचे बँक खाते सरपंच आणि सचिव या दोघांच्या सहीने चालते. लोकप्रतिनिधी एकटा पैसे काढू शकत नाही आणि कर्मचारीही काढू शकत नाही. पाटील व कुलकर्णी या जुन्या जोडीचे तत्त्व येथे नव्या रूपात परत आलेले दिसते.

९. एका रुपयाचा प्रवास

२०११ च्या लेखासंहितेने ग्रामपंचायतीच्या हिशेबासाठी ३३ नमुने विहित केले. त्यांची संख्या पाहून दडपण येते, परंतु वसुलीच्या हिशेबाचा गाभा मोजक्या नमुन्यांत आहे. घरपट्टीच्या एका रकमेचा मागोवा घेतल्यास हे स्पष्ट होईल.

गावातील प्रत्येक मिळकतीवरील कर नमुना आठमध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत ठरतो. ही आकारणी चार वर्षांनी सुधारली जाते. त्यावरून नमुना नऊमध्ये दरवर्षीची मागणी तयार होते. तीत मागील थकबाकी, चालू मागणी आणि वसूल यांचे रकाने असतात. करदात्याने रक्कम भरली की नमुना दहाची पावती दिली जाते आणि तिची स्थळप्रत पुस्तकात राहते. ती रक्कम दैनिक रोकडवहीत व तेथून नमुना पाचच्या सामान्य रोकडवहीत येते, आणि पंचायतीच्या बँक खात्यात भरली जाते. खर्चाच्या बाजूस ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप वही, प्रमाणक आणि संयुक्त सहीने अदा केलेली रक्कम असा क्रम असतो.

या साखळीतील चार दुवे परस्परांशी जुळले पाहिजेत. पावतीपुस्तकातील स्थळप्रतींची बेरीज, रोकडवहीतील जमा, बँक खात्यातील भरणा आणि मागणी नोंदवहीतील वसुलाचा रकाना हे ते दुवे होत. पावती दिली पण रोकडवहीत नोंद नाही, नोंद आहे पण भरणा आठवडे-महिने उशिरा झाला, भरणा आहे पण मागणी नोंदवहीत थकबाकी तशीच राहिली, असे दोष या तुलनेतून तत्काळ उघड होतात. वसूल रक्कम हातावर ठेवून परस्पर खर्च करणे हा त्यांतील गंभीर दोष होय, कारण त्यामुळे खर्च बँकेच्या आणि पर्यायाने संयुक्त स्वाक्षरीच्या चौकटीबाहेर जातो. त्याचप्रमाणे स्वउत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचे बंधन पाळले गेले की नाही, हेही वर्गीकृत नोंदी असल्याशिवाय कळत नाही. हिशेबातील शैथिल्याची किंमत अशा रीतीने दुर्बल घटकांना मोजावी लागते.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी देशभरातील ग्रामपंचायतींना २ लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली. पंधराव्या आयोगानेही निधीचा मोठा भाग पंचायतींकडे सोपविला. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीवर आराखडा व जमाखर्च नोंदविले जातात आणि अदायगी सरपंच व सचिवांच्या डिजिटल स्वाक्षरीने होते. संयुक्त सहीचे तत्त्व येथेही कायम आहे. मात्र सरपंचाची स्वाक्षरी-किल्ली आणि तिचा परवलीचा शब्द दुसऱ्याच कोणाच्या हाती राहिला, तर दोन स्वाक्षऱ्या कागदोपत्री राहून व्यवहार एकाच व्यक्तीचा होतो. नांगराची निशाणी करणारा पाटील आणि संगणकावरील मजकूर न वाचता संमती देणारा सरपंच यांच्या स्थितीत तत्त्वतः फारसा फरक नाही.

१०. हिशेबाचा वाचक : ग्रामसभा

पंचायतीच्या हिशेबाची तपासणी स्थानिक निधी लेखापरीक्षेद्वारे होते. परंतु लेखापरीक्षा ही व्यवहार झाल्यानंतरची, वरून होणारी तपासणी आहे. तिच्या जोडीला अधिनियमाने गावातूनच होणाऱ्या तपासणीची तरतूद केली आहे. वित्तीय वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षा टिप्पणी व तिला दिलेली उत्तरे ठेवणे कलम ८ अन्वये आवश्यक आहे. माहिती अधिकार अधिनियम २००५ ने या कागदांपर्यंत पोहोचण्याचा स्वतंत्र मार्गही खुला केला.

महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. प्रथमच निवडून आलेल्या अनेक सदस्यांना व सरपंचांना हिशेबाच्या परिभाषेचा परिचय नसतो. अशा वेळी सचिवाचे साहाय्य मार्गदर्शन ठरते की नियंत्रण, हे बहुधा प्रशिक्षणावर अवलंबून असते. सरपंचाला रोकडवहीची महिनाअखेरची शिल्लक बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहता आली, तरी कारभारातील अवलंबित्व बरेच कमी होते. हे कौशल्य कठीण नाही. ते शिकविण्याची व्यवस्था मात्र सातत्याने व्हावयास हवी. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र, वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांना या कामी विस्तारकार्याद्वारे प्रत्यक्ष योगदान देता येईल. विद्यार्थ्यांनी आपल्या गावचा वार्षिक हिशेब वाचून ग्रामसभेत त्याचे सुगम विवरण करावे, असा उपक्रम अभ्यासक्रमाला व गावाला सारखाच उपकारक ठरेल.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) वतनी काळात वसुली, पारख आणि लेखन यांची विभागणी होती, पण हिशेबाचा वाचक रयत नसल्याने ती विभागणी रयतेचे पुरेसे रक्षण करू शकली नाही.

२) रयतवारी पद्धतीने आणि पुढील महसूल कायद्यांनी लेखकाची मक्तेदारी मोडली, परंतु त्याला गावाऐवजी वरिष्ठांना उत्तरदायी केले.

३) मुलकी पाटलाचे पद रद्द झाल्यावर महसुली बाजूस लेखन व वसुली एका हाती आली. पंचायतीच्या बाजूस संयुक्त स्वाक्षरीने ही विभागणी पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न झाला.

४) संयुक्त स्वाक्षरी परिणामकारक ठरण्यासाठी दोन्ही स्वाक्षरीकर्त्यांना हिशेब वाचता येणे आवश्यक आहे. संगणकीकरणाने ही आवश्यकता कमी झालेली नसून वाढली आहे.

५) लहान पंचायतींत लेखन, रोख सांभाळणे आणि बँकेत भरणा ही कामे शक्य तेवढ्या प्रमाणात वेगवेगळ्या व्यक्तींकडे देणे, तसेच एका सचिवाकडे अनेक पंचायतींचा कार्यभार न ठेवणे इष्ट ठरेल.

ग्रामस्वराज्याची कल्पना कितीही उदात्त असली तरी तिची कसोटी गावच्या रोकडवहीत लागते. लेखक प्रामाणिक असावा ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु ज्या गावात त्याची नोंद वाचणारे आणि तिच्याविषयी निर्भयपणे प्रश्न विचारणारे अनेक असतात, तेथे प्रामाणिक लेखकालाही संरक्षण मिळते आणि ग्रामनिधीलाही.